पॉवरग्लाइडच्या जागी २००-४आर: १९६६ च्या शेव्हेलसाठी निवडलेल्या गिअरबॉक्सचे परीक्षण

१९६६ ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, २८३ घन इंचांचे व्ही-८ इंजिन आणि त्यामागे पॉवरग्लाइड नावाचा दोनच गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स, अशी गाडी जे नियमितपणे चालवतात त्यांना तिची अडचण तोंडपाठ असते. गावातल्या रस्त्यांवर ती झकास चालते, पण महामार्गाला लागली की इंजिनाच्या आवाजापुढे गप्पा मारणे कठीण होते. याचे गणित साधे आहे. माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल ३.३६ चा (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे ३.३६ फेरे) आणि टायरचा व्यास सुमारे २६ इंच आहे. पॉवरग्लाइडचा वरचा गिअर १.०० चा, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरवणारा, असल्यामुळे ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३,०४० फेरे घेते, आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग, यातील घसरण धरली तर त्याहूनही थोडे अधिक. दुसरीकडे खालचा गिअर जेमतेम १.८२ चा, त्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी अंग चोरते. मागचा ॲक्सल बदलून यातले एकच दुखणे बरे होते आणि दुसरे वाढते. दोन्हींवर एकत्रित उपाय हवा असेल तर खाली दणकट पहिला गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरवणारा गिअर) असलेला चार गिअरचा स्वयंचलित बॉक्स बसवणे हाच खरा मार्ग आहे.

या बाजारात प्रथम शिरणाऱ्याला सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो: इंजिनाची ताकद किती? विक्रेत्यांच्या जाहिरातीही अमुक अश्वशक्ती सोसणारा, तमुक टॉर्क पेलणारा अशाच भाषेत असतात. माझ्या मते १९५ अश्वशक्तीच्या आणि २८५ फूट-पाउंड टॉर्कच्या मूळ २८३ इंजिनासाठी हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे, कारण नीट बांधलेला कोणताही बॉक्स एवढा भार सहज वाहतो. निवड ठरते ती मागच्या ॲक्सलवर, चेसिसमधील जागेवर आणि बॉक्समधील तेलाचा दाब कोण व कसा ठरवतो यावर. या तीन कसोट्या लावल्या तेव्हा माझ्यापुढे तीन उमेदवार उरले: जनरल मोटर्सचे २००-४आर आणि ७००आर४ हे यांत्रिक बॉक्स, आणि ७००आर४ चाच इलेक्ट्रॉनिक वारस ४एल६०-ई.

आधी ॲक्सलचा विचार करू. ७००आर४ हा १९८२ च्या मॉडेलांपासून आला; त्याचे गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असे आहेत. २००-४आर त्याच्या एक वर्ष आधीचा, आणि त्याचे गिअर २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. कागदावर ७००आर४ चा पहिला गिअर आकर्षक दिसतो, परंतु ३.३६ च्या ॲक्सलशी गुणला की तो १०.२८ होतो आणि गाडी चौक ओलांडायच्या आतच दुसरा गिअर मागते. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधील दरी मोठी आहे: चार हजार फेऱ्यांवर गिअर बदलला तर ७००आर४ मध्ये इंजिन सुमारे २,१३० पर्यंत खाली येते, तर २००-४आर मध्ये सुमारे २,२९० पर्यंत. लहान कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाला हा फरक जाणवतो. याउलट ज्यांच्या गाडीत ३.०८ किंवा त्याहून लांब पल्ल्याचा, म्हणजे कमी आकड्याचा, ॲक्सल आहे, त्यांच्यासाठी ७००आर४ चा तोच पहिला गिअर वरदान ठरतो, कारण ३.०८ गुणिले ३.०६ म्हणजे ९.४२, आणि माझ्याकडे २००-४आर मुळे मिळणारे ३.३६ गुणिले २.७४ म्हणजे ९.२१. दोन वेगळ्या गाड्या दोन वेगळ्या बॉक्समुळे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबतात. म्हणूनच कोणता बॉक्स चांगला, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गाडीखाली जाऊन ॲक्सलवरचा शिक्का वाचावा, किंवा चाक फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत.

वरच्या गिअरमध्येही हाच हिशेब लागू पडतो. ०.६७ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये माझे इंजिन ताशी ७० मैलांना सुमारे २,०४० फेऱ्यांवर येते. २८३ चा कमाल टॉर्क २,४०० फेऱ्यांना मिळतो, त्यामुळे एवढ्या वेगात ते कुरकुरत नाही आणि हलक्या चढावर गिअर उतरवण्याची गरज पडत नाही. हाच बॉक्स २.७३ च्या ॲक्सलपुढे लावला असता, तर फेरे साडेसोळाशेपर्यंत घसरले असते आणि ओव्हरड्राइव्ह हा नुसता शोभेचा गिअर झाला असता.

जागेच्या बाबतीत २००-४आर ची बाजू निर्विवाद वरचढ आहे. पॉवरग्लाइडची एकूण लांबी साडेसत्तावीस इंचांहून किंचित अधिक. २००-४आर त्याहून फक्त इंचाच्या आठव्या हिश्श्याने लांब. दोन्हींच्या मागच्या टोकाला २७ दात्यांचाच योक (शाफ्टला जोडणारा तुकडा) बसतो. परिणामी माझ्या गाडीचा मूळ प्रॉपेलर शाफ्ट कापावा किंवा नव्याने तोलून घ्यावा लागला नाही. तो काढला, त्याचे युनिव्हर्सल जॉइंट बदलले आणि पुन्हा जागेवर लावला. ७००आर४ आणि ४एल६०-ई पावणेएकतीस इंच लांब असल्यामुळे तिथे शाफ्ट सुमारे तीन इंचांनी आखूड करून घ्यावाच लागतो. हे काम अवघड नाही, पण परतीचा मार्ग त्यामुळे महाग होतो, आणि जुन्या गाडीत परतीचा मार्ग मोकळा ठेवण्याला मी बरीच किंमत देतो. गाडीचा मूळ पॉवरग्लाइड मी तेल भरून, तोंडे बंद करून फडताळात ठेवला आहे; उद्या कोणी ही गाडी कारखान्यातून निघाली तशी करू म्हणेल, तर त्याला एकही भाग शोधत फिरावे लागणार नाही. माझी गाडी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात तयार झाली, चेसिस क्रमांकातील इंग्रजी झेड हे अक्षर तेच सांगते. त्याच कारखान्यात आज टेस्लाच्या विजेच्या मोटारी बनतात, ज्यांना गिअर बदलावेच लागत नाहीत.

मात्र आधाराच्या जागेबाबत २००-४आर सवलत देत नाही. पॉवरग्लाइडचा मागचा आधार बॉक्सच्या तोंडापासून वीस इंचांहून थोड्या अधिक अंतरावर असतो, ७००आर४ चा साडेबावीस इंचांच्या सुमारास, तर २००-४आर चा थेट सत्तावीस इंचांवर. म्हणजे क्रॉसमेंबर, अर्थात बॉक्सला खालून धरणारा चेसिसचा आडवा दांडा, बराच मागे सरकवावा लागतो. शेव्हेलसाठी यासाठीचे तयार क्रॉसमेंबर मिळतात आणि चेसिसला वेल्डिंग करावे लागत नाही. पण हँडब्रेकची मधली केबल मूळ जागेवरून जाऊ शकत नाही आणि दुहेरी एक्झॉस्ट असेल तर नळ्या कुठून काढायच्या हे आधीच ठरवावे लागते. ज्यांच्याकडे छप्पर उघडणारी शेव्हेल आहे त्यांनी लक्षात ठेवावे की तिची चेसिस बंद पेटीसारखी असते, त्यामुळे बंद छपराच्या गाडीसाठीचा क्रॉसमेंबर तिला जसाच्या तसा लागत नाही.

आता तेलाच्या दाबाकडे येतो, कारण या दोन्ही यांत्रिक बॉक्सची बदनामी झाली ती याच मुद्द्यावरून. थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, जिला सगळे टीव्ही केबल म्हणतात, ती कार्ब्युरेटरपासून बॉक्सपर्यंत जाते. जनरल मोटर्सच्याच जुन्या, तीन गिअरच्या टीएच३५० बॉक्सवर काम केलेले अनेक मेकॅनिक तिला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी केबल समजतात. त्या बॉक्समध्ये ते खरेही होते. इथे मात्र ही केबल गिअर कधी बदलायचा हे तर ठरवतेच, शिवाय आतल्या क्लच प्लेटांना किती दाबाने धरायचे हेही तीच ठरवते. केबल ढिली असेल, किंवा कार्ब्युरेटरच्या ज्या दांडीला ती जोडली आहे तिची त्रिज्या चुकीची असेल, तर गाडी वरवर छान, अगदी लोण्यासारखी गिअर बदलते आणि आत प्लेटा घसरून जळत राहतात. काही दिवसांत तेल काळे पडते, मग बॉक्सच कच्चा म्हणून दोष त्याच्या माथी मारला जातो.

माझ्या गाडीचा मूळ दोन नळ्यांचा रोचेस्टर कार्ब्युरेटर या केबलसाठी बनलेलाच नव्हता. ऐंशीच्या दशकातील क्वाड्राजेट कार्ब्युरेटरला योग्य भूमितीची दांडी कारखान्यातूनच असते. एडलब्रॉक किंवा हॉली वापरणाऱ्यांना केबलची दिशा आणि त्रिज्या दुरुस्त करणारी पट्टी वेगळी घ्यावी लागते. मी एडलब्रॉक आणि अशी पट्टी निवडली. केबल बसवण्याची रीत मात्र प्रत्येकाने स्वतः एकदा तरी पाहावी. कार्ब्युरेटरजवळ केबलच्या आवरणावर एक छोटी कळ असते. ती दाबून सरकपट्टी थ्रॉटलपासून दूर, शेवटापर्यंत मागे ढकलायची आणि कळ सोडायची. मग थ्रॉटलची दांडी हाताने पूर्ण उघडायची, तेव्हा सरकपट्टी कट-कट असा आवाज करत आपली जागा स्वतः घेते. यानंतर थ्रॉटल बंद असताना केबलमध्ये झोल राहता कामा नये आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबल पूर्ण ओढलेली असली पाहिजे. एवढ्यावरही समाधान मानू नये. बॉक्सच्या बाजूला दाब मोजण्याचे छिद्र असते, त्यावर मापक लावून थ्रॉटल हळूहळू उघडताना दाब लगेच आणि सलग चढतो की नाही ते पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुनर्बांधणी करणारे जे व्यावसायिक हमीपत्रातच ही मोजणी सक्तीची करतात, त्यांच्याबद्दल माझा आदर वाढतो.

हा सगळा खटाटोप नको असेल, तर ४एल६०-ई कडे वळणे तर्कसंगत आहे. १९९३ पासूनच्या या बॉक्समध्ये दाब आणि गिअरबदल दोन्ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. केबलची भूमिती, गव्हर्नरची (गाडीच्या वेगानुसार गिअर बदलवणाऱ्या फिरत्या भागाची) वजने, स्प्रिंगा यांचा प्रश्नच उरत नाही, आणि गिअर कोणत्या वेगाला बदलावा हे लॅपटॉपवर बसून ठरवता येते. ज्यांच्या गाडीत आधीच इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा बसवला आहे, त्यांच्यासाठी मी निःसंकोचपणे हाच पर्याय सुचवीन. पण कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यासाठी स्वतंत्र नियंत्रक, त्याचे वायरिंग आणि थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर कार्ब्युरेटरला बाहेरून जोडावा लागतो. स्पीडोमीटरची मूळ केबल त्याच्या मागच्या टोकाला लागत नाही, म्हणून विजेच्या संकेतावरून केबल फिरवणारी छोटी मोटर किंवा तत्सम काही व्यवस्था करावी लागते. मला मिळालेल्या दरपत्रकांत हा संपूर्ण संच २००-४आर च्या सुमारे दीडपट पडत होता. त्याचा स्वतःचा ठाऊक असलेला कच्चा दुवाही आहे: आतल्या सन शेल नावाच्या पिंपासारख्या भागाचे दाते झिजले किंवा ते तुटले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही गिअर एकदम जातात. पुनर्बांधणी करताना हा भाग मजबूत प्रकारचा घातला आहे ना, हे लेखी विचारावे.

सहा, आठ आणि दहा गिअरच्या ताज्या बॉक्सबद्दल थोडक्यात एवढेच सांगतो की ते यंत्र म्हणून उत्कृष्ट आहेत, परंतु शेव्हेलच्या जमिनीतला बोगदा त्यांच्यासाठी कापून मोठा करावा लागतो आणि इंजिनही त्यांच्याशी बोलणारे, म्हणजे नव्या पिढीचे असणेच सोयीचे. मूळ २८३ ठेवायचे असेल तर हा विषय इथेच संपतो. जनरल मोटर्सचाच ४एल८०-ई हा बॉक्स जड आणि लांब आहे आणि त्याचा योक ३२ दात्यांचा. ट्रक ओढणाऱ्या किंवा शर्यतीत धावणाऱ्या इंजिनाला तो शोभतो.

२००-४आर खरेदी करताना एक सावधगिरी बाळगावी. या बॉक्सची कीर्ती ब्यूक ग्रँड नॅशनलमुळे झाली, आणि त्या गाडीतील बीआरएफ संकेताच्या बॉक्सला आजही मागणी असल्यामुळे समोर येणारा प्रत्येक जुना बॉक्स जणू तिथूनच उतरवला आहे असे सांगितले जाते. संकेत ओळखपट्टीवर वाचता येतो, तोंडी आश्वासनावर जाऊ नये. खरे म्हणजे १९५ अश्वशक्तीला बीआरएफ लागतच नाही. महत्त्वाचे आहे ते आत काय घातले हे: कडक केलेला स्टेटर शाफ्ट, पंपाच्या मजबूत रिंगा, मोठा सर्व्हो आणि नव्या प्लेटा. हा बॉक्स १९९० नंतर बनलेला नाही, त्यामुळे चांगले मूळ सांगाडे दुर्मिळ होत चालले आहेत आणि पुढेमागे किमती चढणार हे उघड आहे. त्याच्या तोंडावरील भोके शेव्हरोलेच्या तसेच ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिॲकच्या इंजिनांनाही जुळतात, हा त्याचा आणखी एक गुण. मागणी वाढण्यामागे तेही कारण आहे.

माझा बॉक्स एका पुनर्बांधणी करणाऱ्या व्यावसायिकाकडून आला. त्याचे नाव इथे घेत नाही, कारण काम चांगले आणि पाठवणी गलथान, असा अनुभव आहे. आतील बांधणीबद्दल तक्रार नाही, परंतु स्पीडोमीटरचा दातेरी गिअर चुकीच्या दात्यांचा निघाला आणि चौथ्या गिअरमध्ये लॉकअप (कन्व्हर्टरमधील क्लच धरून घसरण थांबवणे) चालू करणारा दाबाचा स्विच पेटीत नव्हताच. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत, पण तेल भरून झाल्यावर हे लक्षात आले तर चिडचिड व्हायची ती होतेच. पेटी उघडताक्षणी संचातील यादी हातात घेऊन एकेक वस्तू ताडून पाहावी.

बसवताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते, अर्थात बॉक्सच्या. टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला पाहिजे. तो फिरवत आत ढकलताना टप्प्याटप्प्याने खट्ट करून आत जातो, आणि बॉक्स इंजिनाला बोल्टने जोडल्यावर कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची पातळ तबकडी) यांच्यात इंचाच्या आठव्या हिश्श्यापासून तीन-सोळांशांपर्यंत फट उरली पाहिजे. फट नसेल आणि तरीही कोणी बोल्ट आवळत गेला, तर इंजिन सुरू होताच पंप फुटतो. गॅरेजवाल्याने ही फट तुमच्या डोळ्यांदेखत मोजावी असा आग्रह धरण्यात संकोच करू नये.

लॉकअपची वायरिंगही दुर्लक्षून चालत नाही. कन्व्हर्टरमधील क्लच ओव्हरड्राइव्हमध्ये धरला गेला नाही, तर घसरणीची सगळी उष्णता तेलात जाते. डॅशबोर्डखाली साधा स्विच लावून चालक आपल्या हाताने लॉकअप करील, असा स्वस्त उपाय काही जण सुचवतात; मला तो पटत नाही, कारण ब्रेक दाबल्यावर लॉकअप आपोआप सुटले नाही तर गाडी थांबताना इंजिन गुदमरून बंद पडते. ब्रेकचा स्विच, इंजिनाच्या निर्वाताचा स्विच आणि चौथ्या गिअरचा दाबस्विच ही तिहेरी व्यवस्था उत्तम. सोबत रेडिएटरपुढे तेलाचा वेगळा कूलर लावलाच पाहिजे. स्टीअरिंगखालच्या मूळ दांड्याला चार गिअरच्या खाचा आणि नवी दर्शकपट्टी देणारे संच तयार मिळतात, त्यामुळे आत बसणाऱ्याला काही बदलले आहे हे सहसा कळतही नाही.

रस्त्यावरचा अनुभव सांगायचा तर सर्वांत मोठा फरक कमाल वेगात नसून शहरातल्या पहिल्या पन्नास फुटांत आहे. गाडी आता मनापासून निघते. महामार्ग ६८० वरील सुनोलच्या चढावर बॉक्स चौथ्यातच राहतो, फक्त लॉकअप सुटते आणि टोकाला पुन्हा धरले जाते. लॉस एंजेलिसच्या वाटेवरील ग्रेपव्हाइनच्या सहा टक्क्यांच्या लांब चढावर मी दांडा आधीच तिसऱ्यात ओढतो, कारण चौथ्या-तिसऱ्याची धरसोड तेल तापवते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक बऱ्यापैकी मिळतो; पॉवरग्लाइडमध्ये वरच्या गिअरखाली थेट १.८२ चा एकच गिअर होता, त्यामुळे हे सुख नवीन आहे. उणीव म्हणायची तर हलक्या ॲक्सिलरेटरवर चौथा गिअर जरा लवकर पडतो. गव्हर्नरच्या स्प्रिंगा आणि वजने बदलून हे सुधारता येते, पण इलेक्ट्रॉनिक बॉक्समध्ये जे काम पाच मिनिटांत झाले असते, त्यासाठी इथे गव्हर्नर बाहेर काढावा लागतो.

कायद्याचा भाग प्रदेशानुसार बदलतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट असल्यामुळे मला काहीच अडथळा आला नाही. महाराष्ट्रातील वाचकांची स्थिती वेगळी आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि ती १९५४ पर्यंत चालली, त्यामुळे जुन्या शेव्हरोले आपल्याकडे आजही जिवापाड जपल्या जातात. परंतु २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर ती मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्याखेरीज मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करण्यावर निर्बंध घालतेच. क्रॉसमेंबर मागे सरकवणे हा फेरफार ठरेल का, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी विचारूनच हात घालावा. व्हिंटेज क्रमांकपट्टीची ज्यांना हौस आहे त्यांनी मूळ बॉक्सच नीट बांधून घ्यावा असे मी म्हणेन.

बाकीच्यांसाठी माझा कौल असा: ३.३६ ते ३.७३ दरम्यानचा ॲक्सल, कार्ब्युरेटर आणि मूळ शाफ्ट ठेवण्याची इच्छा असेल तर २००-४आर, ३.०८ किंवा त्याहून लांब ॲक्सल असेल तर १९८७ किंवा त्यानंतरचा ७००आर४, कारण तोवर त्याच्या आधीच्या बऱ्याच खोडी कारखान्यानेच काढून टाकल्या होत्या. आणि इंजिनावर संगणक आधीच बसला असेल तर ४एल६०-ई.